थॉमस मान

थॉमस मान (जन्म : ६ जून १८७५, ल्यूबेक, जर्मनी, मृत्यू : १२ ऑगस्ट १९५५, झ्युरिक, स्वित्झर्लंड) हे जर्मन कादंबरीकार, कथाकार आणि निबंधकार होते. १९२९ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. 'बुडेनब्रूक्स', 'डेर त्साउबरबेर्ग' आणि 'डॉक्टर फाउस्टस' या त्यांच्या कादंबऱ्या विसाव्या शतकातील युरोपीय साहित्यात महत्त्वाच्या मानल्या जातात. प्राचीन मिथकांचे आणि आख्यायिकांचे आधुनिक कादंबरीत पुनर्कथन करणाऱ्या लेखकांमध्येही त्यांचे स्थान अग्रगण्य आहे. बायबलमधील योसेफाच्या कथेवर त्यांनी चार खंडांची कादंबरी लिहिली. वेताळाच्या कथांतील शिरांच्या अदलाबदलीची भारतीय कथा, मोशेची कथा आणि मध्ययुगीन युरोपातील ग्रेगोरियसची कथाही त्यांनी नव्याने सांगितली.

जर्मनीत नाझी पक्ष वंश, रक्त आणि भूमी यांची मिथके उभारून सत्तेवर येत होता, त्याच काळात मान योसेफाची कथा लिहीत होते. मिथक हे द्वेषाचे साधन होऊ नये, ते माणुसकीच्या बाजूने उभे करता यावे, हा प्रश्न त्यांच्या उत्तरायुष्यातील लेखनाच्या केंद्रस्थानी राहिला. त्याची किंमत त्यांना देश, घर आणि नागरिकत्व गमावून मोजावी लागली.

बालपण आणि कुटुंब

थॉमस मान यांचा जन्म बाल्टिक समुद्राजवळील ल्यूबेक या जुन्या व्यापारी नगरात झाला. वडील थॉमस योहान हाइनरिक मान हे धान्याचे व्यापारी आणि नगराच्या शासनमंडळाचे सभासद होते. आई जूलिया यांचा जन्म ब्राझीलमध्ये झाला होता. त्यांचे वडील जर्मन, तर आई पोर्तुगीज वंशाची ब्राझिलियन होती. उत्तरेकडील व्यापारी शिस्त आणि दक्षिणेकडील कलासक्त वृत्ती यांचा हा संयोग मान यांच्या साहित्यात पुनःपुन्हा येतो. थोरले बंधू हाइनरिक मान हेही पुढे नामवंत कादंबरीकार झाले.

१८९१ साली वडिलांचे निधन झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली व्यापारी पेढी बंद करण्यात आली. आई म्युनिकला राहावयास गेली. शालेय शिक्षणात फारसे यश न मिळालेले थॉमस १८९४ मध्ये तेथे पोहोचले. काही काळ त्यांनी एका आगविमा कंपनीत विनावेतन उमेदवारी केली. कचेरीतील मेजावरच त्यांनी पहिल्या कथा लिहिल्या. १८९६ ते १८९८ या काळात ते हाइनरिक यांच्यासह इटलीत राहिले. परतल्यानंतर 'सिम्प्लिसिसिमुस' या व्यंगप्रधान नियतकालिकाच्या संपादन विभागात त्यांनी काम केले.

१९०५ साली त्यांचा विवाह कातिया प्रिंग्सहाइम यांच्याशी झाला. कातिया यांचे वडील म्युनिकमधील गणिताचे प्राध्यापक होते आणि घराणे ज्यू वंशाचे होते. या दांपत्याला एरिका, क्लाउस, गोलो, मोनिका, एलिझाबेथ आणि मिखाएल अशी सहा अपत्ये झाली. त्यांपैकी एरिका, क्लाउस आणि गोलो यांनी लेखनाच्या क्षेत्रात स्वतंत्र स्थान मिळवले.

लेखनाचा आरंभ

१९०१ मध्ये प्रसिद्ध झालेली 'बुडेनब्रूक्स' ही मान यांची पहिली कादंबरी. एका व्यापारी घराण्याच्या चार पिढ्यांचा ऱ्हास तिच्यात चित्रित झाला आहे. कुटुंबाचा अनुभव आणि ल्यूबेकमधील वातावरण यांवर ती आधारलेली असल्याने त्या नगरातील अनेकांना ती रुचली नाही. मात्र जर्मनीभर तिला मोठा वाचकवर्ग मिळाला. अठ्ठावीस वर्षांनी नोबेल पारितोषिक देताना निवड समितीने प्रामुख्याने याच कादंबरीचा उल्लेख केला.

सुरुवातीच्या काळात मान वास्तववादी लेखक म्हणून ओळखले जात. तरीही पुराणकथांचे आकर्षण तेव्हापासूनच दिसते. रिखार्ड वाग्नर यांच्या संगीतिकांचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. १९०५ मध्ये लिहिलेल्या 'वेल्झुंगांचे रक्त' या कथेत वाग्नरच्या संगीतिकेतील जुळ्या भावंडांची जर्मन पुराणकथा त्यांनी बर्लिनमधील एका श्रीमंत ज्यू कुटुंबात आणून बसवली. ज्यू व्यक्तींच्या चित्रणामुळे ही कथा वादग्रस्त ठरली. छपाई सुरू असतानाच मान यांनी ती मागे घेतली आणि १९२१ साली ती मर्यादित प्रतींच्या आवृत्तीत आली. मिथकाचा उपयोग किती सहज दुखावणारा होऊ शकतो, याचे हे त्यांच्याच लेखनातील एक उदाहरण आहे.

१९१२ च्या 'व्हेनिसमधील मृत्यू' या दीर्घकथेत मिथकाचा वापर अधिक सूक्ष्म आहे. पटकीच्या साथीने ग्रासलेल्या व्हेनिसमध्ये एक प्रौढ लेखक एका सुंदर मुलाच्या मोहात पडतो आणि अखेर मरण पावतो. वरवर पाहता हा आधुनिक प्रवासवृत्तान्त आहे. परंतु वाटेत भेटणारी अनोळखी माणसे, नावाडी आणि तो मुलगा यांच्या आडून मृतात्म्यांना परलोकी नेणारा ग्रीक देव हर्मीस डोकावतो. नायकाच्या स्वप्नात डायोनायससचा उन्मत्त उत्सव प्रकटतो. देवतांची नावे फारशी न घेता त्यांचे अस्तित्व जाणवून देण्याची ही रीत मान यांनी पुढे विस्ताराने वापरली.

पहिले महायुद्ध आणि मतपरिवर्तन

पहिल्या महायुद्धात मान यांनी जर्मनीच्या बाजूने उत्साहाने लेखन केले. कलावंताने राजकारणापासून दूर राहावे आणि लोकशाही ही जर्मन मनोवृत्तीला परकी आहे, अशी भूमिका त्यांनी १९१८ च्या 'राजकारणविन्मुख माणसाचे चिंतन' या ग्रंथात मांडली. युद्धाचे विरोधक असलेल्या हाइनरिक यांच्याशी त्यांचे संबंध या काळात तुटले. दोघा भावांचा समेट १९२२ साली हाइनरिक यांच्या आजारपणात झाला.

त्याच वर्षी परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाउ यांची अतिरेकी राष्ट्रवाद्यांनी हत्या केली. त्यानंतर मान यांनी बर्लिनमध्ये जाहीर भाषण करून प्रजासत्ताकाला पाठिंबा दिला. जुन्या समर्थकांना हा विश्वासघात वाटला. १९२४ साली 'डेर त्साउबरबेर्ग', म्हणजे जादूचा पर्वत, ही कादंबरी प्रसिद्ध झाली. दाव्होस येथील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात सात वर्षे राहिलेल्या एका तरुणाच्या कथेतून युद्धपूर्व युरोपातील वैचारिक संघर्ष तिच्यात मांडला आहे.

ऑक्टोबर १९३० मध्ये, नाझी पक्षाला निवडणुकीत मोठे यश मिळाल्यानंतर, मान यांनी बर्लिनमध्ये भाषण करून मध्यमवर्गाला सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या पाठीशी उभे राहण्याचे आवाहन केले. सभेत नाझी समर्थकांनी गोंधळ घातला. 'मारिओ आणि जादूगार' ही त्याच वर्षीची कथा संमोहनाने प्रेक्षकांची इच्छाशक्ती हिरावून घेणाऱ्या एका जादूगाराची आहे; तिच्याकडे फॅसिझमचे रूपक म्हणून पाहिले जाते.

'योसेफ आणि त्याचे भाऊ'

योसेफाच्या कथेकडे मान यांचे लक्ष विसाव्या दशकात वळले. म्युनिकमधील एका चित्रकाराने योसेफाच्या कथेवर चित्रे काढली होती आणि त्यांसाठी मान यांनी प्रस्तावना लिहावी अशी त्याची विनंती होती. त्या निमित्ताने मान यांनी घरातील जुने बायबल उघडले. ही कथा मोहक असली तरी फार थोडक्यात आटोपली आहे आणि तिचे तपशील भरावेत असे वाटते, हे गटे यांनी आत्मचरित्रात नोंदवलेले मत त्यांना आठवले. एका छोट्या कथेची ही कल्पना वाढत वाढत चार खंडांची झाली. लेखनास १९२६ च्या अखेरीस आरंभ झाला आणि शेवटचा खंड जानेवारी १९४३ मध्ये पूर्ण झाला. या कामासाठी त्यांनी इजिप्तविद्या, बॅबिलोनी पुराणे, ज्यू आख्यायिका आणि धर्मेतिहास यांचा अभ्यास केला. १९३० मध्ये इजिप्त आणि पॅलेस्टाइनचा प्रवासही केला.

मूळ कथा बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात आहे. याकोबाचा लाडका मुलगा योसेफ स्वप्ने पाहतो आणि ती भावांना सांगतो. मत्सराने पेटलेले भाऊ त्याला खड्ड्यात टाकतात आणि नंतर व्यापाऱ्यांना विकतात. इजिप्तमध्ये पोटीफरच्या घरी तो चाकरी करतो, मालकाच्या पत्नीच्या खोट्या आरोपामुळे तुरुंगात जातो, फारोच्या स्वप्नांचा अर्थ सांगून राज्याचा कारभारी होतो आणि दुष्काळात धान्यासाठी आलेल्या भावांना क्षमा करतो. हीच कथा कुराणात आणि यूसुफ-जुलेखा या फारसी काव्यपरंपरेतही येते. मान यांनी त्या परंपरेचाही उपयोग केला. पोटीफरच्या पत्नीच्या मेजवानीत योसेफाच्या रूपाने भान हरपलेल्या स्त्रिया फळे कापताना स्वतःची बोटे कापून घेतात, हा प्रसंग बायबलमध्ये नाही. तो कुराण व ज्यू आख्यायिका यांतून कादंबरीत आला आहे.

कादंबरीच्या प्रास्ताविकात भूतकाळाला तळ न लागणाऱ्या विहिरीची उपमा दिली आहे. प्रत्येक आरंभामागे आणखी एक आरंभ असतो, या विचारावर सारी रचना उभी आहे. तिच्यातील माणसे स्वतःला पूर्णपणे स्वतंत्र व्यक्ती समजत नाहीत. पूर्वजांच्या पाउलखुणांवर पाय ठेवीत चालणे हेच त्यांचे जगणे असते. याकोबाचा वृद्ध सेवक एलियेजर हा पिढ्यांपूर्वीच्या, अब्राहामाच्या सेवकाची कथा स्वतःच्याच आठवणीप्रमाणे सांगतो आणि ऐकणाऱ्यालाही त्यात वावगे वाटत नाही. भावांनी योसेफाला टाकलेली कोरडी विहीर ही पाताळाचे द्वार ठरते. तम्मूझ आणि ओसायरिस या मरून पुन्हा उठणाऱ्या देवांची कथा आपण जगत आहोत, याची योसेफाला जाणीव असते.

मात्र मान यांचा योसेफ देव नाही. आरंभी तो आत्मप्रौढ आणि चुगलखोर मुलगा आहे. सर्वांनी स्वतःपेक्षा आपल्यावर अधिक प्रेम करावे, असे तो गृहीत धरतो. विहिरीतील तीन दिवसांत त्याला स्वतःचा दोष उमगतो. पुढे तो लोकांच्या अन्नाची व्यवस्था पाहणारा प्रशासक होतो. बायबलमधील पोटीफरच्या अनामिक पत्नीला मान यांनी मुत-एम-एनेत हे नाव, भूतकाळ आणि दुःख दिले. बालपणीच नपुंसक केलेल्या अधिकाऱ्याची नामधारी पत्नी म्हणून जगणाऱ्या या स्त्रीकडे कादंबरी सहानुभूतीने पाहते. फारो म्हणून मान यांनी अखेनातेनची निवड केली, त्यामुळे एकेश्वरवादाच्या दोन शोधांची भेट एकाच कथेत घडते. अखेरीस याकोबाचा वंशाशीर्वाद तेजस्वी योसेफाला मिळत नाही, तर अपराधाच्या ओझ्याखाली जगलेल्या यहूदाला मिळतो.

देशत्याग

हिटलर सत्तेवर आल्यानंतर काही दिवसांतच, फेब्रुवारी १९३३ मध्ये, मान यांनी म्युनिकमध्ये वाग्नर यांच्यावर व्याख्यान दिले आणि तेच व्याख्यान देण्यासाठी ते परदेशी गेले. स्वित्झर्लंडमध्ये विश्रांती घेत असताना जर्मन संसदभवनाला आग लागली आणि विरोधकांची धरपकड सुरू झाली. क्लाउस आणि एरिका यांनी त्यांना परत न येण्याचा इशारा दिला. एप्रिलमध्ये म्युनिकमधील अनेक प्रतिष्ठितांनी सह्या करून त्यांच्या वाग्नरविषयक मतांचा निषेध प्रसिद्ध केला. सोळा वर्षे त्यांनी जर्मनीत पाऊल ठेवले नाही.

योसेफ-कादंबरीचे हस्तलिखित म्युनिकच्या घरातच राहिले होते. एरिका यांनी धोका पत्करून ते देशाबाहेर आणले. पुढे ते घर सरकारने जप्त केले. काही महिने दक्षिण फ्रान्समधील सानारी येथे राहून कुटुंब झ्युरिकजवळील क्युस्नाख्त येथे स्थायिक झाले.

कादंबरीच्या खंडांची प्रकाशनस्थळे या स्थलांतराची साक्ष देतात. 'याकोबाच्या कथा' (१९३३) आणि 'तरुण योसेफ' (१९३४) हे पहिले दोन खंड बर्लिनमध्ये निघाले. 'इजिप्तमधील योसेफ' (१९३६) हा तिसरा खंड व्हिएन्नात प्रसिद्ध झाला, कारण प्रकाशकाला जर्मनी सोडावी लागली होती. १९३८ मध्ये ऑस्ट्रियाही जर्मनीत विलीन करण्यात आला. परिणामी 'अन्नदाता योसेफ' (१९४३) हा चौथा खंड स्टॉकहोममध्ये छापला गेला.

मौनाची तीन वर्षे

देशत्यागानंतरची पहिली तीन वर्षे हा मान यांच्या चरित्रातील सर्वाधिक वादग्रस्त काळ आहे. मे १९३३ मध्ये हाइनरिक यांची पुस्तके जाहीरपणे जाळण्यात आली. थॉमस यांची पुस्तके मात्र जर्मनीत विकली जात होती. जर्मन वाचकांशी असलेला संबंध तुटू नये आणि प्रकाशक अडचणीत येऊ नये, म्हणून त्यांनी राजवटीविरुद्ध उघड बोलणे टाळले. क्लाउस यांनी ॲम्स्टरडॅममधून निर्वासित लेखकांचे 'डी झामलुंग' हे मासिक सुरू केले, तेव्हा प्रकाशकाच्या आग्रहावरून मान यांनी त्यापासून स्वतःला जाहीरपणे दूर ठेवले. निर्वासित लेखकांना आणि विशेषतः क्लाउस यांना हा मोठा आघात वाटला. दुसरीकडे, ज्यूंवरील बहिष्कार सुरू असताना ज्यू परंपरेच्या मूळपुरुषांची कथा बर्लिनमधून प्रसिद्ध होणे ही स्वतःच एक कृती होती, असेही काही अभ्यासक मानतात.

फेब्रुवारी १९३६ मध्ये झ्युरिकच्या एका वृत्तपत्रात खुले पत्र लिहून मान यांनी निर्वासितांची बाजू उघडपणे घेतली. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांचे जर्मन नागरिकत्व रद्द करण्यात आले. तत्पूर्वी त्यांनी चेकोस्लोव्हाकियाचे नागरिकत्व स्वीकारले होते. बॉन विद्यापीठाने त्यांची सन्माननीय डॉक्टरेटही काढून घेतली. त्यावर त्यांनी दिलेले उत्तर अनेक भाषांत अनुवादित झाले आणि जर्मनीत गुप्तपणे वाटले गेले.

मिथकाविषयीची भूमिका

१९३० मध्ये नाझी पक्षाचे विचारवंत आल्फ्रेड रोझेनबर्ग यांनी वंशाचे मिथक हेच विसाव्या शतकाचे मिथक असल्याचे सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. बुद्धी आणि विवेक यांना कमी लेखून आदिम प्रेरणांचा गौरव करणारे लेखनही जर्मनीत लोकप्रिय होते. त्यामुळे उदारमतवादी वाचकांना मिथक या शब्दाचाच संशय येऊ लागला होता.

मान यांनी मिथकाचा त्याग केला नाही. हंगेरियन मिथकतज्ज्ञ कारोली केरेनी यांच्याशी १९३४ पासून झालेल्या पत्रव्यवहारात त्यांची भूमिका स्पष्ट होते. मिथक हे फॅसिस्टांच्या हातून काढून घेतले पाहिजे आणि त्याला मानवतेच्या कामी लावले पाहिजे, असे त्यांचे मत होते. मानसशास्त्र हे त्यासाठीचे साधन आहे, असे ते मानत. १९३६ साली सिग्मंड फ्रॉइड यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त व्हिएन्नात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी हाच धागा विस्ताराने मांडला. माणूस नकळत जुन्या साच्यांत जगतो. तो साचा ओळखता आला, तर त्याच्या आहारी न जाता त्यातून मार्ग काढता येतो, असा या विचाराचा आशय आहे. योसेफ-कादंबरीतील विनोद आणि उपरोध यांचे कार्यही हेच आहे. निवेदक मिथकावर प्रेम करतो, परंतु त्याच्यापुढे गुडघे टेकत नाही.

अमेरिकेतील वास्तव्य

१९३८ मध्ये मान अमेरिकेत गेले. प्रिन्स्टन विद्यापीठात काही काळ अध्यापन केल्यानंतर १९४१ पासून ते कॅलिफोर्नियातील पॅसिफिक पॅलिसेड्स येथे राहू लागले. योसेफ-कादंबरीचा शेवटचा खंड त्यांनी तेथेच पूर्ण केला. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याविषयी त्यांना आदर होता. धान्यसाठे, कर आणि दुष्काळनिवारण यांची व्यवस्था लावणाऱ्या योसेफाच्या चित्रणात रूझवेल्ट यांच्या 'न्यू डील' धोरणाची छाया दिसते.

ऑक्टोबर १९४० पासून युद्धाच्या अखेरीपर्यंत मान यांनी बीबीसीवरून जर्मन श्रोत्यांना उद्देशून पन्नासहून अधिक भाषणे केली. सुरुवातीस त्यांचा मजकूर लंडनमध्ये वाचला जाई; नंतर त्यांच्याच आवाजात तो ध्वनिमुद्रित होऊ लागला. जर्मनीत परदेशी नभोवाणी ऐकणे हा दंडनीय गुन्हा होता. ज्यूंच्या सामूहिक हत्येची माहिती त्यांनी १९४२ मध्येच श्रोत्यांना दिली होती. त्या वर्षी मार्चमध्ये ब्रिटिश विमानांनी ल्यूबेकवर बॉम्बहल्ला केला, तेव्हा जन्मगावाच्या हानीचे दुःख व्यक्त करूनही जर्मनीनेच इतर शहरांवर केलेल्या हल्ल्यांची आठवण त्यांनी करून दिली. १९४४ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

भारतीय आख्यायिका

योसेफ-कादंबरीचे काम बाजूला ठेवून मान यांनी १९४० मध्ये 'अदलाबदल झालेली शिरे' ही लघुकादंबरी लिहिली. तिचे मूळ वेताळाच्या कथांत आहे. सोमदेवाच्या कथासरित्सागरात आणि वेतालपंचविंशतीत ही कथा येते; मराठी वाचकांना ती वेताळपंचविशीमुळे परिचित आहे. मान यांना ती भारतविद्येचे जर्मन अभ्यासक हाइनरिक त्सिमर यांच्या लेखनातून मिळाली.

मूळ कथेत एका स्त्रीचा पती आणि भाऊ देवीच्या मंदिरात आपापली शिरे कापतात. देवीच्या कृपेने ती शिरे धडांना जोडताना स्त्रीकडून अदलाबदल होते. यांपैकी पती कोणता, असे वेताळ विचारतो. शिर हे सर्व अवयवांत श्रेष्ठ असल्याने पतीचे शिर ज्याला आहे तोच पती, असे उत्तर राजा देतो आणि कथा तेथे संपते.

मान यांच्या कथेत भावाच्या जागी मित्र आहे. श्रीदमन हा विद्वान आणि नाजूक प्रकृतीचा, तर नंद हा बळकट शरीराचा आणि साध्या मनाचा तरुण आहे. सीता ही श्रीदमनाची पत्नी असली, तरी तिचे मन नंदाकडे ओढ घेते. त्यामुळे शिरांची अदलाबदल ही निव्वळ चूक राहत नाही. तिच्यामागे सीतेची अव्यक्त इच्छा असल्याचे सूचित होते. एक तपस्वी राजाप्रमाणेच शिराच्या बाजूने निवाडा देतो, परंतु मान यांची कथा तेथून पुढे चालू राहते. श्रीदमनाच्या शिराखाली आलेले बळकट शरीर हळूहळू नाजूक होते आणि नंदाच्या शिराखालील शरीर पुन्हा दणकट बनते. बुद्धी आणि शरीर यांचे परिपूर्ण मीलन टिकत नाही. शेवटी दोन्ही मित्र परस्परांच्या हातून मरण पत्करतात आणि सीता त्यांच्यासह चितेवर जाते. मागे त्यांचा अधू दृष्टीचा मुलगा उरतो.

मान कधीही भारतात आले नाहीत. त्यांचा भारत हा त्सिमर आणि शोपेनहाउअर यांच्या ग्रंथांतून उभा राहिलेला आहे. लेखकाने या कृतीकडे एक तात्त्विक गंमत म्हणूनच पाहिले. तरीही ती पुन्हा भारतात परतली. गिरीश कार्नाड यांच्या 'हयवदन' (१९७१) या कन्नड नाटकाला कथासरित्सागराबरोबरच मान यांच्या लघुकादंबरीचाही आधार आहे. विजया मेहता यांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले आणि पुढे जर्मनीतील वायमार येथील नाट्यगृहासाठी जर्मन भाषेतही बसवले.

मोशे, फाउस्ट आणि ग्रेगोरियस

योसेफ-कादंबरी पूर्ण होताच, १९४३ च्या आरंभी, मान यांनी 'नियमशास्त्र' ही मोशेवरील दीर्घकथा लिहिली. हिटलरच्या राजवटीने दहा आज्ञांचा केलेला भंग दाखवणाऱ्या कथासंग्रहासाठी ती लिहिली होती. विस्कळीत जमावाला नियमांच्या साहाय्याने माणूसपण शिकवणारा मोशे तिच्यात आहे. या आज्ञा मोडण्यास लोकांना प्रवृत्त करणाऱ्याला तो शेवटी शाप देतो.

१९४७ मधील 'डॉक्टर फाउस्टस' ही सैतानाला आत्मा विकणाऱ्या पंडिताच्या जर्मन आख्यायिकेवर आधारित कादंबरी आहे. येथे फाउस्ट हा आद्रियान लेव्हरक्यून नावाचा संगीतकार आहे. त्याचा विनाश आणि जर्मनीचा विनाश समांतर चालतात. योसेफ विहिरीतून वर येतो, लेव्हरक्यून मात्र गर्तेतच राहतो. त्यामुळे या दोन कादंबऱ्या परस्परांच्या विरुद्ध बाजू मानल्या जातात. १९५१ च्या 'निवडलेला' या कादंबरीत हार्टमान फॉन आउए या मध्ययुगीन कवीने सांगितलेली ग्रेगोरियसची कथा आहे. भावाबहिणीच्या संबंधातून जन्मलेला आणि अजाणतेपणी आईशीच विवाह करणारा नायक सतरा वर्षे खडकावर प्रायश्चित्त घेतो आणि अखेर पोप होतो. इडिपसच्या कथेचा शेवट येथे क्षमेत होतो.

अखेरची वर्षे

१९४९ मध्ये क्लाउस यांनी आत्महत्या केली आणि १९५० मध्ये हाइनरिक यांचे निधन झाले. १९४९ सालीच गटे यांच्या द्विशताब्दीनिमित्त मान जर्मनीत गेले. फ्रँकफुर्ट आणि वायमार अशा दोन्ही ठिकाणी, म्हणजे विभागलेल्या देशाच्या दोन्ही भागांत, त्यांनी भाषणे केली. त्याबद्दल पश्चिम जर्मनीत आणि अमेरिकेत त्यांच्यावर टीका झाली. अमेरिकेतील कम्युनिस्टविरोधी चौकशांच्या वातावरणात त्यांच्यावरही संशय घेतला जाऊ लागला. १९५२ मध्ये ते स्वित्झर्लंडला परतले. 'फेलिक्स क्रुल' या भामट्याच्या आत्मकथनाचा पहिला भाग १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. ती कादंबरी अपूर्ण राहिली. १९५५ मध्ये ल्यूबेकने त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले. त्याच वर्षी १२ ऑगस्ट रोजी झ्युरिक येथे त्यांचे निधन झाले. किल्शबर्ग येथील दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

मूल्यमापन आणि वारसा

मान यांची लांबलचक वाक्ये, विषयांतरे आणि विद्वत्तेचा भार यांवर त्यांच्या हयातीतच टीका झाली. बेर्टोल्ट ब्रेख्त यांना त्यांचे लेखन आणि राजकारण दोन्ही मान्य नव्हते. त्यांच्या सूचनेनुसार मृत्यूनंतर वीस वर्षांनी उघडलेल्या रोजनिश्यांतून पुरुषांविषयीचे त्यांचे आकर्षण आणि देशत्यागाच्या काळातील द्विधा मनःस्थिती उजेडात आली. 'व्हेनिसमधील मृत्यू' आणि मुत-एम-एनेतची वेदना यांचे वाचन त्यानंतर बदलले.

योसेफ-कादंबरी 'बुडेनब्रूक्स'इतकी लोकप्रिय झाली नाही. मिथकाच्या पुनर्कथनाचा विचार करताना मात्र तिचा उल्लेख टाळता येत नाही. जुन्या कथेतील मौनाच्या जागा शोधणे, दुर्लक्षित पात्रांना मन देणे आणि कथेचा अधिकार मान्य करूनही तिला प्रश्न विचारणे या गोष्टी तिच्यात मोठ्या प्रमाणावर साधल्या आहेत. केवळ स्वतःच्या तेजात रमलेला स्वप्नाळू तरुण भुकेल्या लोकांची जबाबदारी घेतो, या योसेफाच्या वाटचालीत राजकारणविन्मुख लेखकापासून निर्वासितांचा प्रवक्ता होईपर्यंतचा मान यांचा स्वतःचा प्रवास अनेक समीक्षकांना दिसतो.

'बुडेनब्रूक्स'मुळे प्रसिद्ध झालेल्या ल्यूबेकमधील वाड्याची बॉम्बहल्ल्यात केवळ दर्शनी भिंत उरली होती. पुनर्बांधणीनंतर तेथे मान बंधूंचे संग्रहालय झाले. पॅसिफिक पॅलिसेड्स येथील घर २०१६ मध्ये जर्मन सरकारने विकत घेतले. ज्या देशाने नागरिकत्व काढून घेतले होते, त्याच देशाच्या वतीने ते आता लेखक-विचारवंतांच्या निवासासाठी वापरले जाते.